वणवा विझवायला पैसे असतात, मग लागू नये म्हणून का नसतात? (वॉशिंग्टन स्टेट)

कॅस्केडचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. सिॲटलशेजारी बेलव्ह्यूला येऊन नऊ वर्षं झाली. पहिली काही वर्षं ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे हायकिंग आणि सगळ्यांचे आईवडील भारतातून आलेले, असा सीझन असायचा, आता ऑगस्ट जवळ आला की पहिल्यांदा एअर प्युरिफायरचा फिल्टर मागवतो. २०२२ चा ऑक्टोबर आठवतोय ना? बोल्ट क्रीकच्या वणव्याचा धूर आठवडेच्या आठवडे खोऱ्यात साचून होता आणि सिॲटलची हवा जगातल्या मोठ्या शहरांमध्ये सगळ्यात खराब म्हणून बातम्यांमध्ये आली. मुलाची सॉकर प्रॅक्टिस रद्द, आणि आईला फोनवर सांगतोय की अगं इथे हवा खूप स्वच्छ असते.

तर मुद्दा असा. २०२१ मध्ये इथे एचबी ११६८ नावाचा कायदा झाला, दर दोन वर्षांच्या बजेटमध्ये १२.५ कोटी डॉलर, असे आठ वर्षांत ५० कोटी, वणव्याची तयारी, जंगलाची तब्येत आणि वस्त्यांचं संरक्षण यासाठी. मला वाटलं होतं विषय मिटला. आता वाचतोय की २०२५-२७ च्या बजेटमध्ये तो आकडा ६ कोटींवर आणलाय, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कायद्यात लिहिलेलं असताना असं कापता येतं का? आणि डीएनआरकडे (राज्याचं जंगल-जमिनीचं खातं) स्वतःचं एवढं मोठं जंगल आहे, त्यातलं लाकूड विकतात, मग त्या पैशातून हे काम का नाही करत? आणि तिसरी शंका, थोडी आगाऊ आहे पण विचारतो, वणवा पसरू नये म्हणून जंगलातली झाडं विरळ करण्याची ही भानगड खरंच उपयोगाची आहे की कुणाची तरी पोटं भरायची सोय?

मी सॉफ्टवेअरवाला, जंगलातलं मला पाइन आणि फर यातला फरकसुद्धा कळत नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

आकडेमोड_काका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार देतील. हो, कापता येतं. त्या कायद्यात १२.५ कोटींचा आकडा "द्यायचा विधिमंडळाचा इरादा आहे" अशा भाषेत आलाय, आणि इरादा म्हणजे चेक नव्हे. आजचं विधिमंडळ उद्याच्या विधिमंडळाचे हात बांधू शकत नाही, दर विषम वर्षी १ जुलैला नवं दोन वर्षांचं बजेट सुरू होतं आणि त्यात पुन्हा सगळं नव्याने मांडलं जातं. २०२१ ला हे बिल एकही विरोधी मत न पडता पास झालं होतं हे लक्षात ठेवा, कारण २०२० च्या लेबर डेला माल्डन गाव जवळजवळ सगळं जळून गेलेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. २०२५ ला डोळ्यांसमोर काय होतं, तर बजेटमधला काही अब्ज डॉलरचा खड्डा. शाळा, मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा), पगार हे कापलं की लोक रस्त्यावर येतात. न लागलेल्या वणव्यासाठी कोण येणार?

पण मला यातला खरा घोळ दुसराच वाटतो, आणि तो हिशेबाच्या पद्धतीतच आहे. वणवा लागला की कुणी विचारत नाही पैसे आहेत का. विमानं उडतात, क्रू येतात, जेवणाचे आणि तंबूंचे कॉन्ट्रॅक्ट निघतात, आणि बिल नंतर पुरवणी बजेटमध्ये मुकाट्याने भरलं जातं. भरावंच लागतं, त्यात चूक काही नाही. म्हणजे विझवण्याच्या खर्चाला एक प्रकारे तळ नसलेली तिजोरी आहे, आणि प्रतिबंधाचा खर्च मात्र प्रत्येक वेळी दारात उभा राहून मागायचा. घरात कसं, दवाखान्याचं बिल कुणी थांबवत नाही, पण वर्षाची तपासणी "पुढच्या महिन्यात बघू".

शेजारच्या ओरेगनचं बघा. २०२४ ला तिथे १९ लाख एकर जळलं, त्यांचा रेकॉर्ड. बिलं इतकी थकली की डिसेंबरमध्ये एका दिवसाचं खास अधिवेशन बोलावून २१.८ कोटी डॉलर मंजूर करावे लागले, तोपर्यंत काम केलेले कॉन्ट्रॅक्टर पैशाची वाट बघत बसलेले. मग २०२५ मध्ये त्यांनी कायमचा काहीतरी स्रोत हवा म्हणून निकोटिनच्या पाउचवर टॅक्स बसवला, डब्यामागे ६५ सेंट. हसू येतं, पण निदान दर वर्षी येणारा पैसा आहे. कॅलिफोर्नियाने वेगळा रस्ता धरला, नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी १० अब्जांचं कर्ज मंजूर केलं त्यातले दीड अब्ज जंगल आणि वणव्यासाठी. कर्ज काढून गवत कापायचं का हा वाद घालता येईल, कारण झाडोरा दहा-पंधरा वर्षांत परत वाढतो आणि हप्ते पुढची कित्येक वर्षं चालूच राहतात.

फेडरल लेव्हलला तर हा खेळ आणखी जुना. यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या बजेटमधला आगीचा वाटा १९९५ मध्ये १६ टक्के होता, २०१५ ला तो वाढून निम्म्याच्या वर गेला. सीझन वाईट गेला की प्रतिबंधाच्या खात्यातले पैसे उचलून आगीला द्यायचे, त्यामुळे जे काम आग कमी करणार तेच थांबायचं. २०१८ ला कायदा करून २०२० पासून आगीसाठी वेगळा फंड ठेवला तेव्हा ही उसनवारी थांबली. राज्यांनी यातून काय शिकायचं ते सरळ आहे, पण शिकायला बजेट लागतं :)

वेनाची_वाली

काकांचं सगळं पटलं पण पैसा कापला म्हणजे जमिनीवर नेमकं काय होतं ते सांगते, कारण आम्ही राज्याच्या मध्यावर, कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेला वेनाची गावात टेकडीच्या पायथ्याशी राहतो. २०१५ च्या जूनमध्ये स्लीपी हॉलो फायर आली तेव्हा आम्ही इथे नव्हतो, पण शेजारच्या आजी अजून सांगतात. वरच्या वस्तीतली तीसएक घरं गेली. आणि गंमत (गंमत कसली!) म्हणजे ज्वाळा पोचल्याच नाहीत अशा ठिकाणी, खाली गावात रेल्वेजवळची फळांची गोदामं पेटली, फक्त उडत आलेल्या ठिणग्यांनी.

आम्ही घर घेतलं तेव्हा हे कळत नव्हतं. नंतर डीएनआरच्या वाइल्डफायर रेडी नेबर्स या कार्यक्रमात नाव टाकलं, एक माणूस घरी आला, फुकट, दीड तास नुसता घराभोवती फिरला. मला वाटलं होतं तो लांबच्या झाडांकडे बघेल, तो बघत होता गटर. शिडी लावून वर गेला, मूठभर वाळलेल्या सुया काढून माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाला चुरगाळून बघा. चुरगाळल्या तर भुगा, अगदी विडी पेटावी तसा. मग भिंतीला लागून टाकलेला बार्क मल्च (झाडाच्या सालीचा चुरा) दाखवला (आम्ही केवढ्या हौसेने टाकलेला), म्हणाला पहिले पाच फूट यात जळण्यासारखं काही नको, खडी टाका. पोटमाळ्याच्या व्हेंटला (हवेच्या झरोक्याला) मोठ्या भोकांची जाळी होती, ती बदलून तीन मिलिमीटरवाली लावायला सांगितली कारण ठिणगी आत गेली की घर आतून पेटतं आणि बाहेरच्या क्रूला कळेपर्यंत उशीर होतो. आणि शेवटी खिडकीखालचं जुनिपरचं झुडूप. दिसायला हिरवंगार, आत हात घातला तर सगळं वाळलेलं. इकडचे आगवाले त्याला पेट्रोलचा हिरवा डबा म्हणतात. नवऱ्याने दोन शनिवार घालवून ते उपटलं, हातभर ओरखडे.

आता बघा, हे सगळं आम्ही आमच्या पैशाने केलं, पण कापलेल्या फांद्या कुठे टाकायच्या? ट्रक नाही, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात जाळायला बंदी. गेल्या दोन वर्षी वसंतात चिपर यायचा, सगळ्यांनी आपापला ढीग रस्त्याकडेला लावायचा, मशीन येऊन भुगा करून जायचं. त्या निमित्ताने अख्खी गल्ली बाहेर, ज्यांचं तोंड वर्षभर दिसत नाही तेही. यंदा ग्रँट नाही म्हणून चिपर नाही. म्हणून कुणी फांद्या कापल्याच नाहीत, कापून घरामागे ढीग लावणं हे न कापण्यापेक्षाही वाईट. एका मशीनचे दोन दिवस वाचवले आणि पूर्ण गल्लीचं काम थांबलं. बजेटच्या कागदावर हे बचत म्हणून दिसत असणार.

आणि इन्शुरन्स. आमच्या कंपनीने नूतनीकरण करणार नाही असं पत्र पाठवलं, कारण वणव्याचा धोका. खडी, जाळी, जुनिपर सगळ्याचे फोटो पाठवले, उत्तर आलं की आमच्या मॉडेलमध्ये ते धरलं जात नाही. दुसरी कंपनी मिळाली, प्रीमियम पावणेदोनपट.

उगाच_शंका

घराभोवतीची साफसफाई समजली, त्याला कोण नाही म्हणतंय. पण जंगलात आत जाऊन "आरोग्यासाठी" झाडं तोडायची हे मला अजून पचत नाही. मोठी झाडंच तोडली जातात कारण त्यालाच भाव येतो, बारीक काड्या कोण विकत घेणार? आणि बोल्ट क्रीक जिथे लागली ते ओलं जंगल, तिथे विरळ करून काय होणार, उलट ऊन आत शिरून सगळं वाळेल. सरकारी पैसा म्हटलं की माझा हात आपोआप खिशावर जातो, सवय आहे जुनी.

पॉन्डेरोसा

शंका उगाच नाहीये, अर्धी बरोबर आहे. मी फॉरेस्ट्री शिकलो आणि गेली काही वर्षं कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेला काम करतो, जरा लांबण लागेल.

वॉशिंग्टनमध्ये दोन वेगळी जंगलं आहेत हे आधी डोक्यात घ्या. डोंगराच्या पश्चिमेला, म्हणजे तुमच्या सिॲटलच्या बाजूला, ओलं डग्लस फर आणि हेमलॉकचं जंगल. तिथे आग शेकडो वर्षांतून एकदा येते, पण येते तेव्हा कोरड्या पूर्ववाऱ्याबरोबर, आणि सगळं घेऊन जाते. तिथे विरळ करून आग थांबेल असं कुणी शहाणा म्हणत नाही. तिथे पैसा लागतो तो लवकर कळण्यासाठी, लवकर पोचण्यासाठी आणि घरांसाठी. पूर्वेला गोष्ट उलटी. तिथलं पॉन्डेरोसा पाइनचं जंगल आगीबरोबरच वाढलंय, जाड साल, खालच्या फांद्या गळून गेलेल्या, पाच ते पंचवीस वर्षांतून एकदा गुडघ्याएवढी आग खालून फिरून जायची. काही विजेने लागायची, बरीचशी याकामा, कॉल्व्हिल वगैरे इथले मूळ आदिवासी लोक मुद्दाम लावायचे. मग १९१० ला आयडाहो-मोंटानाकडे दोन दिवसांत ३० लाख एकर जळलं, सरकार हादरलं, आणि १९३५ पासून नियम आला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत विझलीच पाहिजे. शंभरेक वर्षं इतकं छान विझवलं की खाली ग्रँड फर आणि छोट्या डग्लस फरची दाटी झाली. आता आग लागली की ती जिन्याने चढल्यासारखी शेंड्यावर जाते, आणि मग ती जाड सालही कामाची राहत नाही.

म्हणून विरळ करायचं ते बारीक झाड, मोठं ठेवायचं. आणि तुमचा मुद्दा अगदी इथेच लागू पडतो, बारीक झाडाला भाव नाही. गिरणी लांब असली तर ट्रकचं डिझेलसुद्धा सुटत नाही. म्हणूनच तर सरकारी पैसा लागतो! जिथे लाकूड विकून नफा होतो तिथे ग्रँट कशाला लागेल. कुठे विरळीच्या नावाखाली मोठी झाडं गेली तर ओरडा, जरूर ओरडा, पण त्यासाठी सगळं काम बंद पाडू नका. डीएनआरने २०१७ मध्ये पूर्वेसाठी वीस वर्षांचा प्लॅन केलाय, १२.५ लाख एकर जागेवर काम करायचं लक्ष्य. ते एकट्या राज्याचं जंगल नाही, फेडरल, खासगी, ट्राइबल सगळं धरून, कारण आगीला सातबारा वाचता येत नाही.

आता मूळ प्रश्नातलं ते लाकूड विकायचं. ते पैसे "राज्याचे" आहेत असं वाटतं, पण तसं नाही. १८८९ ला राज्य झालं तेव्हा काँग्रेसने दर टाउनशिपमधले (जमीन मोजणीचा ३६ तुकड्यांचा चौकोन) १६ आणि ३६ नंबरचे सेक्शन, म्हणजे तुकडे, शाळांसाठी दिले, त्याला ट्रस्ट लँड म्हणतात. डीएनआर ती सांभाळतं ट्रस्टी म्हणून, उत्पन्न शाळांच्या इमारतींना, युनिव्हर्सिट्यांना. दुसरा भाग म्हणजे कंपन्यांनी झाडं तोडून, टॅक्स बुडवून सोडून दिलेल्या जमिनी, त्या काउंट्यांकडे (इथले जिल्हे) आल्या आणि त्यांनी राज्याला सांभाळायला दिल्या, त्याचं उत्पन्न काउंटीच्या लायब्ररी, फायर डिस्ट्रिक्ट, हॉस्पिटलला जातं. डीएनआर त्यातून व्यवस्थापनाचा हिस्सा काढून घेतं, बाकीचं लाभार्थ्यांचं. तिथून वणव्याला पैसे वळवले तर एखाद्या छोट्या काउंटीची ॲम्ब्युलन्स बंद होईल. २०२२ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की डीएनआरला फक्त जास्तीत जास्त कमाई हाच एक उद्देश ठेवायचं बंधन नाही, त्यामुळे थोडी मोकळीक आहे, पण ट्रस्ट संपलेला नाही.

आणि यात एक विचित्र गोष्ट आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पैसा देणारं लाकूड बहुतेक पश्चिमेला उगवतं आणि वणव्याचं जंगल पूर्वेला. जिथे गरज तिथे कमाई नाही.

राहिलं जाळण्याचं. विरळ करून सोडून दिलं तर काम अर्धंच, मागे खाली आग फिरवावी लागते. मागच्या वसंतात आम्ही सत्तर एकरासाठी तीन आठवडे थांबलो होतो. एक दिवस वारा जास्त, एक दिवस आर्द्रता कमी, एक दिवस सगळं जुळलं तर धुराची परवानगी नाही. चौथ्या खेपेला सकाळी हिरवा कंदील आला. हातात ड्रिप टॉर्च, म्हणजे डिझेल-पेट्रोलचं मिश्रण भरलेली झारी समजा, टोकाला वात. वरच्या बाजूने सुरुवात, आग उतारावरून हळूहळू खाली सरकत येते, घोट्याएवढी, सुयांच्या थरावरून तडतडत, झाडाच्या बुंध्याशी जरा थांबते, साल काळी करते आणि पुढे जाते. दुपारी चारला संपलं, पण पुढचे दोन दिवस हातमोजे काढून राख चाचपत फिरायचं, कुठे आत धग राहिली का ते. या कामाला माणसं लागतात जी वर्षानुवर्षं तेच करतायत. बजेट कापलं की ती जातात, दुसऱ्या राज्यात किंवा बांधकामावर, आणि दोन वर्षांनी पैसे परत दिले तरी माणसं परत येत नाहीत. जंगलाचं काम नळासारखं चालूबंद होत नाही. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसने प्रोबेशनवरचे हजारो लोक काढले, पुढे काही परत घेतले, पण त्या धांदलीत पलीकडच्या बाजूची टीमही अर्धी झाली. ज्याला गुड नेबर करार म्हणतात, राज्याने फेडरल जमिनीवर काम करायचं, त्याला पलीकडे निदान सही करायला तरी कुणी हवा.

उगाच_शंका

ठीक. जिन्यावालं पटलं. सातबाराचं तर फारच पटलं. मोठ्या झाडांच्या बाबतीत माझा हात खिशावरच राहील.

पॉन्डेरोसा

राहू द्या, आम्हालाही बरं असतं कुणी बघत असलं की.

कॅस्केडचा_पाहुणा

खूप धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे मी ज्या पैशाकडे बोट दाखवत होतो तो शाळांचा निघाला, बरं झालं ऑफिसात कुणासमोर बोललो नाही. एक शेवटचं, आमच्यासारख्या एच-वन व्हिसावाल्यांना मत नाही, टॅक्स मात्र वेळेवर. यात आपण काही करू शकतो का, की नुसता फिल्टर मागवत बसायचं?

आकडेमोड_काका

करू शकता. दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी राजधानीत, ऑलिम्पियात, अधिवेशन सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी १०५. बजेटच्या सुनावणीआधी विधिमंडळाच्या साइटवर जाऊन "प्रो" (बाजूने) किंवा "कॉन" (विरोधात) नोंदवता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, आणि झूमवरून बोलायलाही मिळतं. नागरिकत्व कुणी विचारत नाही. फक्त "जंगल वाचवा" लिहू नका, त्याने काही होत नाही. चिपरची गोष्ट लिहा. वेनाचीवाल्या ताई, तुम्ही तर नक्कीच.

वेनाची_वाली

मी बोलेन हो, पण सुनावणी दुपारी असते आणि माझी शिफ्ट. लेखी पाठवते. फोटो जोडता येतात का? जुनिपर उपटतानाचा नवऱ्याचा एक आहे, पण त्याची परवानगी मिळेलसं वाटत नाही.